फळीपाशी खुर्ची

सकाळी सातला मला दोन झेंडे मिळाले,
एक पांढरा, एक लाल,
आणि प्लास्टिकची खुर्ची, जिचा एक पाय आखूड.
त्याखाली मी कार्यक्रमपत्रिका दुमडून घातली.
तिच्यावर छापलेलं, द्वीपराष्ट्रांची कुमार मैदानी स्पर्धा,
आणि खाली बारीक अक्षरात बेटांची नावं,
स्वल्पविरामांनी एकमेकांपासून तोडलेली.

गिरगावच्या शाळेत बत्तीस वर्षं पी.टी. शिकवली.
पोरींना उडी मारायला सांगायचं
म्हणजे आधी ओढणीला गाठ मारायला सांगायचं.
आता निवृत्त. बोलावलं की येते.
फळीवर कोणाचा पाय पुढे गेला ते बघते.

मरीन लाइन्सचं हे मैदान.
भिंतीपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे समुद्र,
भरणी टाकून लांब ढकललेला.
जुन्या नकाशात माझी खुर्ची पाण्यात आहे.

मालदीवची दोन पोरं खड्ड्याशी बसून
रेती बोटांतून गाळत होती. खाडीची रेती, शिंपल्यांची.
एक शिंपला सापडला. मग बराच वेळ वाद,
तो त्यांच्याकडे मिळतो की नाही यावरच असावा.
कोमोरोसच्या मुलाचे स्पाइक्स त्याचे नव्हते,
टाचेत वर्तमानपत्र कोंबलेलं, इथलंच,
कारण काठावरून डोकावत होतं
'कांद्याचे भाव'.

मग मुलींची तिहेरी उडी.
लाउडस्पीकर म्हणाला,
मॉरिशस, एकशे सतरा, येश्ना सॅकॅरम.
यादीतल्या स्पेलिंगवरून मी बोट फिरवलं,
पुन्हा फिरवलं.
सखाराम.
इथल्याच एखाद्या धक्क्यावर कारकुनाने
नाव विचारलं असेल, ऐकू आलं तसं लिहिलं असेल.
त्या माणसाने स्वतःचं सांगितलं की बापाचं,
कोण जाणे.

दोन उड्या बेताच्याच गेल्या. तिसरी शेवटची.
ती फळीपासून उलटी चालत निघाली, पावलं मोजत,
माझ्या खुर्चीला लागून.
ओठ हलत होते. फ्रेंच असेल, क्रिओल असेल.
"...बारा, तेरा, चवदा..."

चवदा. चौदा नव्हे.
माझी सासू म्हणायची तसं, राजापूरची होती.

पंचाने बोलायचं नसतं. मी झेंडे सावरले.

ती धावत आली.
पहिली झेप म्हणजे आपली लंगडीच,
त्याच पायावर उतरायचं,
दुसरी, वहाळ ओलांडताना टाकतो ती ढांग,
आणि मग उडी, दोन्ही हात पुढे,
जणू कुणी पलीकडून धरणार आहे.
लांबवर रेती उडाली.
टेप घेऊन बसलेले खानविलकर उठून उभे राहिले.
ते कधीच उठत नाहीत.

मी प्लॅस्टिसीनवर वाकले.
एक खूण. भाताच्या शिताएवढीही नाही.
चष्मा पुसून पुन्हा पाहिली.
तिथेच होती.

दोन्ही हातांना घाम आलेला.
लाल वर केला.

ती परत आली, गुडघ्यांना रेती चिकटलेली.
खूण पाहिली, हुज्जत घातली नाही,
खांदे तेवढे उडवले.
तेव्हा मी विचारलंच,
"चवदा कोणी शिकवलं गं तुला?"

ती हसली, गोंधळून. इंग्रजीत माफी मागितली.
तिला वाटलं, मी फाउलबद्दल बोलतेय.
मराठी तिच्याकडे तेवढीच असावी,
मोजण्यापुरती,
वीस-बावीस पावलांची.

पाण्याची बाटली उचलून ती निघून गेली.
चौथी आली, संध्याकाळी कळलं.

मी पात्याने प्लॅस्टिसीन सारखं केलं.
थोडं माझ्या नखात राहिलं.
पुढची मुलगी सेशेल्सची.
तीही उलटी चालत गेली, पावलं मोजत,
पण मनातल्या मनात.
मी उगीचच कान देऊन बसले होते.